पायांचे हवामान

आपल्याकडे थंडीवाऱ्याची जी काही काळजी घेतली जाते ती सगळी कमरेच्या वर. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, छातीला स्वेटर. लहानपणी आजी, मग आई आणि पुढे रीतसर सौ., अशा तीन कारकिर्दींत "मफलर घेतला का?" हा प्रश्न मी किमान दहा हजार वेळा ऐकला असेल. "मांड्यांना गार लागत नाही ना?" असं मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही. पाय म्हणजे शरीरातले चतुर्थश्रेणी कर्मचारी. राबायचं त्यांनी आणि सत्काराचा हार पडायचा गळ्यात.

बसून राहणाऱ्या माणसाला हा अन्याय कळत नाही. सायकलवर चढला की कळतो. सायकलवर कमरेच्या वरचा माणूस बसलेला असतो आणि कमरेखालचा माणूस कामावर असतो. एकाच देहात साहेब आणि हमाल. साहेबाला हुडहुडी भरलेली असते तेव्हा हमालाला घाम फुटलेला असतो. त्यातून गुडघ्यांची युनियन वेगळी. अशा परिस्थितीत पायांत घालावं तरी काय, हा प्रश्न गेली सहा वर्षं माझ्यापुढे दररोज पहाटे साडेपाचला उभा राहतो. आणि मी उमरेडला राहतो म्हटल्यावर त्याचं उत्तर दर महिन्याला बदलतं.

ज्यांना उमरेड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरच्या आग्नेयेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव आहे. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला भिवापूरची मिरची आणि तिसऱ्या अंगाला कऱ्हांडल्याचं जंगल. त्या जंगलातला जय नावाचा वाघ फार प्रसिद्ध होता. २०१६ साली तो दिसेनासा झाला आणि त्याच्या शोधाच्या बातम्या देशभर गाजल्या. मला त्या जंगलातल्या समस्त वाघमंडळींचा एका बाबतीत हेवा वाटतो. पट्ट्यापट्ट्यांची एकच तुमान पोरगं बारा महिने घालतं, आणि अगदीच उकडलं तर जाऊन पाण्यात बसतं. त्याला वावर नाही, वावरात मोटर नाही आणि मोटरीला रात्रपाळीची लाइट नाही.

मला हे तिन्ही आहे. भिवापूर रस्त्याला, घरापासून अकरा किलोमीटरवर आमचं दोन एकर वावर आहे. निवृत्त झाल्यावर मोटारसायकल मुलाने नोकरीसाठी नेली आणि माझ्या वाट्याला बाबांच्या वेळची काळी, दांडीची, उभ्या अंगाची सायकल आली. पहाटे साडेपाचला निघायचं, मोटर पाहायची, मिरचीच्या रोपांची विचारपूस करायची आणि अकराच्या सुमारास परत फिरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण जानेवारीत निघताना ९ अंश असतात आणि परत येताना २५. म्हणजे मी घरून निघतो तो शिमल्याला आणि परत येतो तो पणजीला. मधे कपडे बदलायला धर्मशाळा नाही.

आणि ही झाली एका दिवसाची गोष्ट. वर्षाचा हिशेब मांडला तर माणूस सायकल विकून टाकील. नागपूरच्या वेधशाळेत मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ पर्यंत उतरला. दोन्हींतली तफावत ४४.४ अंश. बाकीच्या देशांत माणसं एवढ्या तफावतीसाठी विमानाचं तिकीट काढतात. आम्हाला ती घरपोच मिळते. ३० मे २०२४ रोजी तर नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. मागाहून हवामान खात्याने खुलासा केला की यंत्रात बिघाड होता. आमच्याकडे मात्र त्या दिवशी या आकड्याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं. "असनच," असं म्हणून लोक कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.

सुरुवातीला मी आपली साधी पँट घालून जात असे. सायकल आणि पँट यांचं वैर जुनं आहे. साखळी उजवीकडे असते, त्यामुळे उजव्या पायच्याला वंगणाचा काळा डाग हे आमच्या पिढीचं ओळखपत्र होतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा उजवा घोटा पाहून हा पायी आला की सायकलने, ते सांगता येई. यावर पोलादी पट्टीची गोल क्लिप मिळायची. ती घोट्याशी पँट आवळून धरी आणि रक्तप्रवाहही. ज्यांना क्लिप परवडत नसे ते रबर लावत, ज्यांना रबर सापडत नसे ते पायचा मोज्यात खोचत. मास्तर वर्गात आले की त्यांचा एक पाय पँटीत आणि एक पाय विजारीत, असं दृश्य असे. पुष्कळदा फळ्याकडे पाठ फिरवेपर्यंत पायचा तसाच राही आणि मग मागच्या बाकांवर खसखस पिके. मी बाकावरही बसलो आहे आणि फळ्याजवळही उभा राहिलो आहे, त्यामुळे ही खसखस मला दोन्ही बाजूंनी परिचित आहे.

पण डाग धुता येतो. थंडी धुता येत नाही. टेरिकॉटच्या पँटीतून डिसेंबरचा वारा असा आरपार जातो की आपण पँट घातली आहे ही केवळ एक कायदेशीर बाब उरते. त्यातून सायकलवाल्याचा वारा हा त्याचा स्वतःचा असतो. अमेरिका-कॅनडाच्या हवामानवाल्यांनी २००१ साली वाऱ्यामुळे थंडी किती जास्त भासते याचं नवं सूत्र काढलं. त्यात १० अंश आणि ताशी १५ किलोमीटर वारा घातला की उत्तर आठाच्या जवळपास येतं. बाहेर झाडाचं पान हलत नसलं तरी सायकलवाला हा वारा स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या पायांसाठी तयार करतो. आणि तो पहिला लागतो गुडघ्याला. गुडघा हा अवयव देवाने महिनाअखेरीला केला असावा. त्यावर मांस नाही, चरबी नाही, नुसती कातडी आणि खाली दोऱ्या. मांडी आणि पोटरी आपापल्या कामाने तापतात. गुडघा मधल्या माणसासारखा दोन्हीकडची ओढाताण सोसतो आणि गारच राहतो.

मी एकदा फोनवर गुडघ्याची तक्रार केली आणि ती पुण्याच्या भाच्याने ऐकली. हा भाचा संगणकात आहे आणि रविवारी सायकलवर. त्याची सायकल माझ्या सायकलच्या एक तृतीयांश वजनाची आणि माझ्या वावराच्या एक तृतीयांश किमतीची आहे. दिवाळीला आला तो एक मोठं पाकीट घेऊनच. आमच्या बैठकीत, चिवड्याच्या ताटाशेजारी, त्याने एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. पहिली निघाली ती काळी, चकचकीत, आखूड चड्डी. एवढीशी! मी ती आमच्या शेजारच्या पोट्ट्याची समजून बाजूला ठेवली.

"मामा, तुमचीच आहे. ताणते ती."

ताणते म्हणजे किती, तर त्याने दोन्ही हातांनी ओढून तिचा झोपाळा करून दाखवला. हा लायक्राचा धागा. १९५८ साली अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो तयार केला, तो बायकांच्या पोट आवळायच्या पट्ट्यांतलं रबर काढून टाकण्यासाठी. पुढे तो सायकलवाल्यांच्या मांड्यांवर आला. हे ऐकून सौ.ने माझ्या पोटाकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही. चड्डीच्या आत मोक्याच्या जागी एक गादी शिवलेली होती. पूर्वी या गादीच्या जागी मऊ कमावलेलं कातडं लावत आणि ते वाळून कडक होऊ नये म्हणून सायकलवाले त्याला मलम चोळत. इथवर सगळं ठीक होतं.

"आणि मामा, हिच्या आत काहीही घालायचं नसतं."

बैठकीत एकदम शांतता पसरली. सौ.च्या हातातला चिवड्याचा चमचा वरच्या वर राहिला. बहीण छताकडे पाहू लागली. भाचा मात्र शास्त्र समजावून सांगतच होता: शिवण घासते, घाम साठतो, कातडी सोलते. त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पण प्रत्येक बरोबर गोष्ट चिवडा खाताना सांगायची नसते.

"हे घालून तुम्ही इतवारीतून जाणार?" सौ.ने शेवटी विचारलं. "त्या गल्लीत माझी भिशी आहे."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पायांना दोन मालक असतात, एक हवा आणि दुसरे लोक. हवा निदान ऋतूप्रमाणे बदलते. विलायतेतसुद्धा हेच झालं. बायका सायकलवर बसू लागल्या तेव्हा त्यांचे घोळदार झगे चाकात जायचे. सुटसुटीत पोशाखासाठी लंडनमध्ये १८८१ साली रॅशनल ड्रेस सोसायटी नावाची रीतसर संस्थाच काढावी लागली, आणि तरीही तुमानवजा पोशाख घालणारी बाई दिसली की सभ्य लोक नाकं मुरडत. इकडे आमच्या नागपुरात संघाला खाकी अर्ध्या चड्डीतून पूर्ण पँटीत यायला १९२५ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे तब्बल ९१ वर्षं लागली. मी तर उलट दिशेने, पूर्ण पँटीतून अर्ध्या चड्डीत निघालो होतो, तेही वयाच्या पासष्टीत आणि सौ.च्या भिशीच्या गल्लीतून.

शेवटी तह झाला: चड्डी घालायची, पण वरून जुनी ढगळ पायजम्याची विजार. ती गाव संपल्यावर, बायपासच्या पुढे, सायकलच्या हँडलला अडकवायची.

पाकिटातली दुसरी वस्तू मात्र खरोखर अक्कलेची होती. त्या होत्या पायांच्या बाह्या. भाच्याच्या भाषेत लेग वॉर्मर. शर्टाच्या बाह्या कापून पायांत चढवाव्यात तशा. मांडीपासून घोट्यापर्यंत उबदार नळी, वर रबराची पकड. पहाटे चढवायच्या, ऊन झालं की ओढून काढायच्या आणि खिशात घालायच्या; खालची चड्डी तशीच. ज्याने हे शोधून काढलं त्याला उमरेडचा जानेवारी माहीत असावा. गुडघ्याची कळ आठवड्याभरात थांबली. मी विलायती वस्तूंची उगाच स्तुती करणाऱ्यांपैकी नाही, पण बाह्यांना माझे शंभरपैकी नव्वद गुण आहेत.

दहा गुण कापले ते त्या काढण्याबद्दल. रस्त्यात, लोकांसमोर, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातून हातभर लांब काळी नळी सोलून काढणारा निवृत्त शिक्षक हे दृश्य आमच्या भागात नवीन होतं. अर्ध्या वाटेवर एक चहाची टपरी आहे. परतताना नऊ-दहाच्या सुमाराला मी तिथे थांबून हा कार्यक्रम करीत असे. पहिल्या दिवशी टपरीवाला किटली हातात धरून तसाच पाहत राहिला.

"काहून जी गुरुजी," तो म्हणाला, "कात टाकून राहिले काय?"

तेव्हापासून त्या टपरीवर माझं नाव नागोबा गुरुजी पडलं आहे. पंचमीला एकाने दुधाचा पेलाही पुढे केला. चहाऐवजी.

भाच्याने जाताना एक तक्ताही लिहून दिला होता. त्याने तो कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून उतरवला होता. ५ अंशांच्या खाली जाड अस्तराची पूर्ण तुमान; ५ ते १० ला साधी पूर्ण तुमान; १० ते १५ ला चड्डी आणि बाह्या; १५ ते २० ला गुडघ्यापर्यंतची; २० च्या वर नुसती चड्डी. मी तो पंचांगाशेजारी खिळ्याला अडकवला. डिसेंबर-जानेवारी मी अगदी तक्त्याबरहुकूम वागलो. फेब्रुवारीत शेवटच्या ओळीवर आलो. मार्चमध्ये शेवटच्याच ओळीवर होतो. एप्रिल उजाडला, पारा ४२ वर गेला, तरी तक्ता म्हणत होता: २० च्या वर नुसती चड्डी. जणू २० च्या वर जगात काही घडतच नाही. मी कागद उलटून पाहिला. मागे किराण्याची यादी होती. तो तक्ता जिथे संपतो तिथे उमरेड सुरू होतं.

बरं, तक्त्याचं तर्कशास्त्र पुढे चालवलं तर भलताच प्रसंग ओढवतो. थंडी वाढली की कपडे वाढवा, ऊन वाढलं की कमी करा. २० ला चड्डी, तर ४५ ला काय? अंगावरून उतरवण्यासारखं फार काही शिल्लक नव्हतं.

खरी मेख अशी आहे की आमच्याकडे साधारण ३५ च्या पुढे हा नियम उलटा फिरतो. माणसाची कातडी असते ३३ ते ३५ अंशांची. हवा त्याहून गार असेल तोवर वारा म्हणजे फुंकर. हवा त्याहून गरम झाली की तोच वारा लोहाराचा भाता. मग जितकी कातडी उघडी तितकी भाजणार. गारवा काय तो एकट्या घामाच्या वाळण्याचा. म्हणून आमच्याकडची शहाणी माणसं मे महिन्यात कपडे काढत नाहीत, चढवतात. डोक्याला पांढरा दुपट्टा कानांसकट गुंडाळतात. वावरात राबणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराच्या अंगावर तर बोटभर कातडी उघडी दिसत नाही. यांच्यापैकी कुणीही इंग्रजी पुस्तक वाचलेलं नाही. सकाळची हुडहुडी आणि दुपारची लू, दोन्हींना पाय झाकायचे. उघडे टाकायचे ते मधल्या चार तासांत. त्यातही थंडीचं झाकणं घट्ट आणि उन्हाचं झाकणं सैल, वारा खेळता ठेवणारं. काळी, घट्ट, चकचकीत चड्डी घालून नवतपात निघालेला माणूस म्हणजे स्वतःच्या पायांनी चालत भट्टीकडे निघालेलं वांगं.

शिवाय कांद्याचा प्रश्न होता. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याची आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. कांद्याने लू टळते की नाही यावर मी वाद घालणार नाही, सौ. कांदा दिल्याशिवाय दार उघडत नाही, एवढं मला पुरे आहे. पण भाच्याच्या चड्डीला खिसाच नाही! कांदा ठेवायचा कुठे? एकदा बाहीत ठेवून पाहिला, तर तो पोटरीच्या मागे जाऊन बसला आणि टपरीवाल्याने सहानुभूतीने विचारलं, "गाठ आली काय जी?"

पावसाळ्याबद्दल मी फार लिहीत नाही. काळी माती चाकाला, पायाला आणि पँटीला सारख्याच ममतेने चिकटते. त्या तीन महिन्यांत पायांत काहीच नसणं उत्तम. कातडीसारखं लवकर वाळणारं कापड अजून निघालेलं नाही.

तर असा मी एप्रिलमध्ये तक्त्याबाहेर पडलो होतो. त्याच सुमारास एका दुपारी, कूलरपुढे पडल्यापडल्या, मला बाबांचे पाय आठवले.

बाबा कोष्टी. आमच्या घरात खड्डामाग होता. उमरेड ही एके काळी विणकरांची पेठ; इथली रेशीमकाठी सुती धोतरं नावाजलेली होती आणि इंग्रजांच्या गॅझेटियरातही या कापडाची नोंद आहे. खड्डामागावर विणकर जमिनीच्या कडेशी बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. वर हाताने धोटा फेकायचा, खाली पायांनी पावड्या दाबायच्या. एक डावी, एक उजवी. म्हणजे बाबा दिवसभर, एका जागी बसून, सायकलच चालवत होते. उन्हाळ्यात तो खड्डा ही घरातली सगळ्यात गार जागा. शाळेला सुट्टी लागली की मी त्या खड्ड्यात त्यांच्या पायांशी जाऊन बसे आणि पावड्यांची खटखट ऐकत झोपून जाई.

पंधरा दिवसांचा माल साठला की बाबा गठ्ठा कॅरिअरला बांधून नागपूरला, गांधीबागेत द्यायला निघत. हीच सायकल. पहाटे तीनला प्रस्थान. येताना कधी छोट्या गाडीने, सायकल डब्यात टाकून, नाही तर तशीच मारत. (ती नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. तिच्यात आणि बाबांत कोण लवकर पोचतो यावर पैजा लागत आणि गाडीवर पैसे लावणारे नेहमीच जिंकत असं नाही.) पंचेचाळीस किलोमीटर जायचं, तितकंच यायचं, आणि पायांत काय? आपणच विणलेलं धोतर. पाच वार कापड. शिवण नाही, बटण नाही, रबर नाही.

त्या वेळी मी ते नीट पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं, पण त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. आता आठवून सांगतो. पहाटेच्या गारठ्यात निघताना ते धोतराची दोन्ही अंगं पोटऱ्यांभोवती घट्ट वेढून घोट्याशी खोचत. ही झाली पूर्ण तुमान. साखळीकडचा उजवा वेढा जरा जास्तच आवळलेला. क्लिप नाही, डाग नाही. ऊन डोळ्यांवर आलं की वेढे सोडून धोतर गुडघ्यांच्या वर ओढून घेत. ही झाली चड्डी. आणि परतीच्या दुपारी डांबर पाघळायला लागलं की तेच धोतर पुन्हा खाली, पण आता सैल, निऱ्या मोकळ्या, आत वारा फिरता. पांढरं कापड, ऊन वरच्या वर परतवणारं. पाऊस आला की मांडीपर्यंत वर. झाडाखाली पडायचं झालं तर सोग्याची चादर, मडक्याचं पाणी गाळायचं झालं तर त्याचीच गाळणी. कांदा कमरेच्या गाठीत. भाच्याचा अख्खा तक्ता, वरच्या न लिहिलेल्या ओळींसकट, त्या पाच वारांत होता, आणि तो सायकलवरून न उतरता बदलता येत होता.

आम्ही मात्र पँटीसाठी जीव टाकत होतो. धोतरवाल्याचा मुलगा धोतर घालत नाही, हा त्या काळचा अलिखित नियम. उलट, मुलाने धोतर घालावं लागू नये म्हणूनच बाप धोतरं विणत होता. १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून हातमागाच्या धोतराला गिरणीची सवत होतीच. पण सवतीशी भांडता तरी येतं. गिऱ्हाइकच पँटीत शिरलं तर भांडायचं कुणाशी? आमचा माग १९८४ साली निघाला. खड्डा बुजवला, वर शहाबादी फरशी बसवली. त्या जागी आता कूलर आहे. घर तरी मे महिन्यात तितकं गार होत नाही.

मी सौ.ला म्हटलं, "धोतर नेसून जातो."

तिला वाटलं मला लू लागली. तिने आधी पन्हं आणून दिलं आणि मग विचारलं, "कुणाच्या तेराव्याला?"

प्रश्न रास्त होता. हल्ली धोतर दिसतं ते लग्नात नाही तर दहाव्या-तेराव्याला. बाजारात गेलो तर तिथेही तेच. दुकानातल्या पोराने विचारलं, "कोणाचं लग्न हाय जी?"

"लग्न नाही. सायकलवर नेसायचं आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, आणि आतून एक खोकं आणून उघडलं. आत रेडिमेड धोतर होतं. आधीच निऱ्या शिवलेल्या, कमरेला रबर, बाजूला खिसा. पायजम्यासारखं चढवायचं. "मोबाइल बी बसते," पोरगा म्हणाला. मी काठ उलटून पाहिला. बाबांनी तो पाहिला असता तर त्यांना हसू आलं असतं की नाही, सांगता येत नाही. काठ विणलेला नव्हता, छापलेला होता. हातमागाचं उमरेडी धोतर विचारलं तर मालक स्वतः उठून आले. "होतं जी पहिले," म्हणाले. "आता विनते कोण, अन् नेसते कोण?"

घरी तसा एक जोडा आहे. माग निघाला त्या वर्षी बाबांनी शेवटचा ताणा संपवला त्यातला. लाल रेशीमकाठ, दोन पानं. इतकी वर्षं ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात. बाबा गेले तेव्हाही तो बाहेर काढायचं कुणाला सुचलं नाही, की कुणाच्याने झालं नाही. सौ.चं म्हणणं, तो ठेवणीचा आहे. माझं म्हणणं, बाबांनी आयुष्यात एकही धोतर ट्रंकेसाठी विणलं नाही. यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता, आणि अबोला कुणी मोडायचा याची आमच्या घरात ठरलेली पाळी असल्यामुळे तो तिसऱ्या दिवशी सकाळी मोडला. तिने जोडा काढला, सावलीत वारा दिला, दोन्ही पानं वेगळी केली. एक पुन्हा पाल्यात गेलं. दुसरं माझ्या हातात दिलं, आणि कांदा.

आता माझी व्यवस्था अशी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे धोतर आणि त्याच्या आत भाच्याच्या बाह्या. दिसायला ते कसं दिसतं यावर टपरीवर मतभेद आहेत, पण गुडघे खूश आहेत. मार्चपासून नुसतं धोतर. दहापर्यंत वर, दहानंतर खाली. पहिल्या दिवशी टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने काठ दोन बोटांत धरून पाहिला, अंगठ्याने चोळला आणि बाबांचं नाव घेतलं. मी त्याला ओळखत नव्हतो. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

एकच अडचण उरली होती. सायकलची कातडी सीट जुनी, तिचे खिळे वर आलेले. त्यांच्यावर चाळीस वर्षांचं कापड घासून विरायला किती वेळ लागणार? सौ.ने एक दिवस पाहिलं, काही बोलली नाही आणि दुपारी मशीन काढून बसली. संध्याकाळी सीटवर नवीन खोळ होती. काळी, चकचकीत, ताणून बसवलेली, वर मऊ गादी. एक सुरकुती नाही. बाजारात मिळणार नाही अशी बसली आहे, आणि विशेष म्हणजे आत काहीही घालावं लागत नाही.

भाचा यंदा दिवाळीला पुन्हा येतो आहे. चड्डी कशी वाटली म्हणून त्याचा दोनदा फोन येऊन गेला. सौ.ने त्याला सांगितलं, "मामा रोज तिच्यावरच बसतात."